रखवालदारावरचा विश्वास : पुण्याची प्लेगसाथ आणि वर्तमानपत्रे

वाकडहून डांगे चौक आणि थेरगाव मागे टाकून, पवनेचा पूल ओलांडून चिंचवडगावात शिरले की चापेकर चौक लागतो. आपल्या भागातील बहुतेक पालक कामावर जाताना आणि विद्यार्थी क्लासला जाताना ह्या चौकातून कधी ना कधी जातातच. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे चापेकर बंधू ह्याच गावचे. इतिहासाच्या पेपरात ‘रँडचा वध कोणी केला?’ असा एक गुणाचा प्रश्न असतो. मुले ‘चापेकर बंधूंनी’ एवढे लिहितात आणि तो गुण मिळवून मोकळी होतात. त्याबद्दल मुलांना दोष देता येणार नाही, प्रश्नच तेवढा असतो. परंतु त्या एका गुणाच्या पाठीमागे जो खरा प्रश्न दडलेला आहे तो पालकांनी आणि मुलांनी एकत्र बसून विचारात घ्यावा असा आहे. जे सरकार प्लेगपासून लोकांचा जीव वाचवायला निघाले होते, त्या सरकारचीच लोकांना प्लेगपेक्षा अधिक धास्ती का वाटू लागली?

राज्यकर्ता हा प्रजेचा रखवालदार होय, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. रखवालदार आपले काम नीट करतो की नाही हे रयतेला दोन वाटांनी कळते. एक म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी. दुसरी वाट बातमीची, म्हणजे वर्तमानपत्रांची. पहिली वाट कोणालाही बंद करता येत नाही. दुसरी बंद करता येते, आणि ती बंद केली म्हणजे आपली अब्रू वाचली असे रखवालदाराला वाटू लागते. पुण्यात १८९७ साली नेमके हेच घडले.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. मुंबईचा व्यापार म्हणजे साऱ्या हिंदुस्थानचा व्यापार. प्लेगचे नाव निघाले की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे बंद करणार. त्यामुळे अधिकाऱ्यांना हे नाव उच्चारणेच जड जात होते, आणि सुरुवातीला ‘संशयित ताप’ असल्या सौम्य शब्दांत वेळ काढला गेला. लोक मात्र शेजारपाजारी पटापट मरताना पाहत होते. डोळ्यांना एक दिसते आणि सरकारी कागद दुसरेच सांगतो, ह्या फरकाची सुरुवात इथूनच झाली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथीच्या इस्पितळावर हल्ला केला. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, तेथे माणसांना मारून त्यांच्या शरीरातून औषधी तेल काढतात, अशी अफवा पसरली होती. आज ही अफवा वाचून आपल्याला हसू येते. पण ज्या कामगाराला इस्पितळात काय चालते हे सांगणारा भरवशाचा कोणीच नव्हता, त्याने आणखी कशावर विश्वास ठेवावा?

फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. हा कायदा अवघ्या दोनअडीच पानांचा आहे. पण साथ आटोक्यात आणण्यासाठी सरकार जे योग्य समजेल ते करू शकेल, आणि असे करणाऱ्या अधिकाऱ्यावर फिर्याद चालणार नाही, एवढे त्यात आले. त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड हे सनदी अधिकारी पुण्यात आले आणि प्लेग कमिटीचे अध्यक्ष झाले. तोपर्यंत पुण्याची जवळजवळ निम्मी वस्ती गाव सोडून गेली होती. मार्चच्या मध्यापासून डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे गोरे सोजीर घरोघर तपासणीसाठी फिरू लागले. रुग्ण सापडला की इस्पितळात, त्याच्या घरची माणसे वेगळ्या छावणीत, घरातील सामान बाहेर, कधी जाळपोळ, जमीन उकरणे, चुना मारणे, हा क्रम ठरलेला होता. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे चालले.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजारी माणसाला वेगळे ठेवणे, घर स्वच्छ करणे हे उपाय मूळात वेडगळ नव्हते. रँडने तपासणीच्या तुकड्यांबरोबर काही ठिकाणी स्थानिक गृहस्थही दिले होते. आणि लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने प्रारंभी ह्या उपायांना विरोध केला नव्हता. उलट, शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी कोरडे ओढले, स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभे करण्यात पुढाकार घेतला. तेव्हा प्रश्न उपायांचा नव्हता, तर ते कोणाच्या हातून आणि कोणत्या रीतीने होत होते हा होता. परका, भाषा न समजणारा, बूट घातलेला सोजीर थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात जातो. पडद्यात राहणाऱ्या बाईच्या काखेत आणि जांघेत गाठ आहे का हे पाहण्यासाठी तिला रस्त्यावर उभे करतो. हिंदू काय, मुसलमान काय, ह्या गोष्टीने सर्वांचीच मने सारखी दुखावली. तक्रारी होऊ लागल्या.

आता पाहा, त्या तक्रारींचे पुढे काय झाले. रँडने आपल्या अहवालात असे नमूद केले की, स्त्रियांची अब्रू जाणूनबुजून घेतल्याची एकही विश्वसनीय तक्रार कमिटीपुढे आली नाही, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. वाक्य वाचताना ‘विश्वसनीय’ ह्या शब्दावर बोट ठेवावे. तक्रार विश्वसनीय आहे की नाही हे ठरवणार कोण? ज्याच्याविरुद्ध ती आहे तोच. आणि कोणत्या घरची स्त्री त्याच अधिकाऱ्यापुढे जाऊन, चार परक्या पुरुषांच्या देखत, आपल्या अब्रूची गोष्ट सांगणार होती? आपल्या आयाबहिणींपैकी तरी आज कोणी सांगेल का? तक्रार आली नाही ह्याचा अर्थ तक्रार नव्हती असा सरकारने घेतला. लोकांनी त्याचा अर्थ तक्रार करून उपयोग नाही असा घेतला.

वर्तमानपत्रे होती. ‘केसरी’ १८८१ पासून निघत होता. ह्या सुमारास त्याच्या सात हजारांच्या आसपास प्रती खपत, आणि एक प्रत चावडीवर, दुकानात वाचून दाखवली जाई म्हणजे ऐकणारे कितीतरी अधिक. सरकारलाही देशी पत्रांत काय येते ते ठाऊक होते. मुंबई सरकारच्या ओरिएंटल ट्रान्स्लेटरच्या कचेरीत मराठी, गुजराती, उर्दू वगैरे पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार होई आणि तो अधिकाऱ्यांपुढे ठेवला जाई. मला ह्या कचेरीचे नेहमी आश्चर्य वाटते. रयतेचे गाऱ्हाणे घरबसल्या, भाषांतर होऊन, दर आठवड्याला मेजावर येते. ह्याहून चांगली सोय कोणत्या राज्यकर्त्याला हवी? पण हा गोषवारा वाचला जाई तो गाऱ्हाणे समजून घेण्यापेक्षा कोणते पत्र राजद्रोही होत चालले आहे हे पाहण्यासाठी. लॉर्ड लिटनने १८७८ साली देशी भाषांतील पत्रांपुरता वेगळा कायदा करून तारण आणि जप्तीची तलवार त्यांच्यावर टांगली होती. लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत १८८२ साली तो कायदा गेला, पण नजर तीच राहिली.

२२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतून परतताना रँडवर गोळी झाडली गेली. त्याच्या मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. गोळी झाडून प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. आयर्स्टचा तपासणीशी संबंध नव्हता, त्याची पत्नी शेजारी बसली होती. आम्ही शिक्षक हा भाग वर्गात घाईने उरकतो, तो तसा उरकू नये असे मला वाटते. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. पुढे खबर देणाऱ्या द्रविड बंधूंची हत्या झाली, आणि १८९९ च्या मे महिन्यात वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण ह्यांना अवघ्या चार दिवसांच्या अंतरात फासावर चढवण्यात आले. एका कुटुंबातील तीन तरुण मुलगे गेले.

पण आपला विषय बातम्यांचा आहे. खुनानंतरच्या चार महिन्यांत सरकारने काय केले ते पाहू.

पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च नागरिकांकडून वसूल केला. सरदार नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता, स्थानबद्ध केले. ह्यांतील बाळासाहेब नातूंनी तपासणीच्या काळात सोजिरांच्या वागणुकीबद्दल तक्रारी केल्या होत्या, हे पुण्यातील लोकांना माहीत होते. तक्रार करणारा बंदीत गेला, एवढेच लोकांना दिसले. २७ जुलैला टिळकांना मुंबईत पकडले.

टिळकांवरील खटला हा ह्या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि त्यातील एक बारकावा बहुधा आपल्या नजरेतून निसटतो. टिळकांनी प्लेगच्या जुलमाबद्दल कडक लेख लिहिले होते. परंतु खटला त्या लेखांवर भरला गेला नाही. तो भरला १५ जून १८९७ च्या अंकातील दोन मजकुरांवर. एक शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता, आणि दुसरा शिवराज्याभिषेक उत्सवातील अफझलखानाच्या वधावरील व्याख्यानाचा वृत्तांत. म्हणजे न्यायालयात चर्चा झाली ती दोनअडीचशे वर्षांपूर्वीच्या घटनेवर कोण काय बोलले ह्याची. बुधवारात, शनिवारात, रास्त्याच्या पेठेत मार्च ते मे ह्या काळात काय घडले, सोजीर कसे वागले, ह्याची साक्ष कोणी घेतलीच नाही. तक्रार खोटी ठरली असती तर सरकारची बाजू बळकट झाली असती. खरी ठरली असती तर दोषींना शासन झाले असते. दोन्हीपैकी काहीच झाले नाही. खटल्यात ज्यूरीचे नऊ सभासद होते, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ह्या फाटलेल्या मतांचा अर्थ काढायला पुणेकरांना वकिलाची गरज लागली नाही.

न्यायमूर्ती स्ट्रॅची ह्यांनी ज्यूरीला समजावताना ‘अप्रीती’ म्हणजे ‘प्रीतीचा अभाव’ असा अर्थ सांगितला. ह्या अर्थाने पाहू गेल्यास सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरतो. प्रेम कायद्याने कसे वसूल करणार, हे त्यांनी सांगितले नाही. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्रावरही राजद्रोहाचा खटला झाला. सत्र न्यायालयाने दिलेली जबर शिक्षा उच्च न्यायालयाने कमी केली, पण दोष कायम ठेवला. १८९८ साली राजद्रोहाचे कलम अधिक रुंद करण्यात आले आणि १५३अ हे नवे कलम जोडले गेले. तालुक्याच्या गावी खिळे जुळवून पत्र काढणाऱ्या माणसाने ह्यातून घ्यायचा तो बोध घेतला. लग्नमुंजीच्या बातम्या, बाजारभाव, पाऊसपाणी हे छापणे बिनधोक होते.

नामदार गोखल्यांची गोष्ट तर मला टिळकांच्या खटल्यापेक्षाही अधिक बोलकी वाटते. गोखले तेव्हा विलायतेत वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गेले होते. पुण्याहून मित्रांची पत्रे गेली, आणि त्यांच्या आधारे त्यांनी तपासणीत दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्राला सांगितले. सरकारने तारा करून हे साफ नाकारले. गोखले परत आले तेव्हा जहाज बंदराला लागताच पोलीस अधिकारी त्यांच्याकडे नावे मागायला हजर. पत्र लिहिणारे मित्र आता पुढे येईनात. नातू आणि टिळक ह्यांची गत त्यांनी पाहिली होती. गोखल्यांकडे पुरावा नव्हता. ४ ऑगस्टला त्यांनी बिनशर्त माफी जाहीर केली, आणि त्यापायी पुढे कित्येक वर्षे स्वकीयांची निंदा सोसली. पंडिता रमाबाईंनीही त्या वर्षी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या हालांबद्दल आणि आपल्या आश्रमातील एका मुलीबद्दल पत्र लिहिले होते. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी तेही चुकीचे म्हणून झटकून टाकले. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, विलायतेत मान असलेल्या, टिळकांच्या विरोधी गटातील. त्यांना राजद्रोही म्हणणे शक्य नव्हते. तरीही जे एका बाईने आपल्या नावानिशी लिहिले त्याची उघड चौकशी सरकारने केली नाही.

कागदावर सरकारचा पूर्ण विजय झाला. एक संपादक तुरुंगात, एक प्राध्यापक माफी मागून मोकळा, दोन सरदार स्थानबद्ध, बाकी पत्रे शांत. आणि प्लेग? प्लेगला राजद्रोहाचे कलम लागू नव्हते. तो पुढच्या मोसमात परत आला, त्याच्या पुढच्याही मोसमात आला. लोक रुग्ण लपवू लागले. मृतदेह गुपचूप पुरले जाऊ लागले. शेजारी आजारी आहे हे कोणी सांगेना. अफवा मात्र घराघरात, आणि तिला छापखाना लागत नाही, संपादक लागत नाही, तिच्यावर खटलाही भरता येत नाही.

९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात काय झाले ते आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांनी ऐकलेही असेल. तेथे उत्तरेकडून आलेल्या जुलाहा म्हणजे विणकर मुसलमानांची मोठी वस्ती होती. एका घरातील आजारी मुलीला तपासण्यास आणि नेण्यास पथक आले. घरच्यांनी अडवले, वस्ती जमली, दगड सुटले, गोळीबार झाला आणि दंगल शहरभर पसरली. दुसऱ्या दिवसापासून गोदीतील हमाल आणि गाडीवान कामावर गेले नाहीत. हे विणकर ‘केसरी’ वाचणारे नव्हते. त्यांना मराठी येत नव्हते. तेव्हा लोकांची मने वर्तमानपत्रांनी बिघडवली, हे जे सरकार पुण्याबद्दल सांगत होते, ते मदनपुऱ्याला कसे लागू करावे? वर्षभरापूर्वी पुण्याला वाचता आले असते ते मुंबईला रस्त्यावर शिकावे लागले. ह्यानंतर सरकारने सक्ती सैल केली, जमातींनी आपली इस्पितळे चालवावीत, पुढाऱ्यांना विश्वासात घ्यावे, असे धोरण आले.

विश्वास कसा मिळतो ह्याचीही उदाहरणे त्याच काळात आहेत. सावित्रीबाई फुले ह्यांनी पुत्र डॉ. यशवंत ह्यांना बोलावून हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी तेथे आणले, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या आठवड्यात सोजिरांच्या तपासणीची तयारी चालली होती त्याच आठवड्यातील ही गोष्ट. मुंबईत डॉ. हाफकिन ह्यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. लोक घाबरत होते. तेव्हा एकोणीस वर्षांच्या आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर, सर्वांच्या देखत, ती टोचून घेतली, एकदा नव्हे अनेकदा, आणि पुढे हाफकिनच्या कामासाठी आपला बंगलाही दिला. आधी स्वतःचा दंड पुढे केला, मग दुसऱ्यांना सांगितले.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९०८ साली टिळकांना पुन्हा शिक्षा झाली, सहा वर्षांची. त्याच वर्षी अलीगढच्या ‘उर्दू-ए-मुअल्ला’चे संपादक मौलाना हसरत मोहानी इजिप्तमधील इंग्रजी धोरणावरील लेखासाठी तुरुंगात गेले, लेख दुसऱ्याचा होता, पण त्यांनी लेखकाचे नाव सांगितले नाही. ते स्वतःला टिळकांचे अनुयायी म्हणवीत. १९१० च्या प्रेस कायद्याखाली मौलाना आझादांच्या ‘अल-हिलाल’चे दोन हजारांचे तारण जप्त झाले, दहा हजारांचे नवे मागितले गेले, आणि १९१४ साली ते पत्र बंद पडले. १९१६ साली टिळकांवर पुन्हा बालंट आले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्यांचे वकील बॅरिस्टर जीना होते आणि टिळक सुटले. मुलांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. हा धागा एका धर्माचा किंवा एका भाषेचा कधीच नव्हता.

परके सरकार गेल्यावर हा प्रश्न संपला असे मानण्याचा मोह होतो. २६ जून १९७५ पासून पंधरवडे, दैनिके, साप्ताहिके सर्वांवर सेन्सॉर आला. एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीत तुर्कमान गेटला घरे पाडली, गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशीच्या पत्रांतून लोकांना त्याचे खरे चित्र मिळाले नाही. आकाशवाणी सर्व कुशल असल्याचे सांगत होती. आणि त्याच वर्षी कुटुंबनियोजनाच्या सक्तीची धास्ती अशी पसरली की, शाळेत मुलांना टोचतात तेही नसबंदीचेच, अशी अफवा दिल्लीत उठली आणि पालकांनी मुले शाळेतून काढून नेली. एका शिक्षकाला ह्याहून वाईट बातमी कोणती? लहान मुलांचे कुटुंबनियोजन करण्यात कोणालाही रस नव्हता. पण छापलेल्या शब्दावरचा विश्वास उडाला की असंभवनीय गोष्टही संभवते. आपल्या महाराष्ट्रात १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळाने मंजूर केले होते, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. तेव्हा भीतीला अगदीच पाया नव्हता असेही म्हणवत नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या प्रकरणात सेन्सॉरच्या मनमानीला लगाम घातला, ही त्या अंधारातील चांगली गोष्ट.

ती भीती किती दूरवर गेली पाहा. पंचवीसतीस वर्षांनी पोलिओचे थेंब आले तेव्हा उत्तर प्रदेशातील कित्येक मुसलमान वस्त्यांतून दारे लागली. ह्या थेंबांनी मुले होत नाहीत, अशी कुजबुज होती. सरकारी जाहिरातींनी ती हटली नाही. अलीगढ आणि जामिया मिल्लियाची माणसे, मशिदीचे इमाम, मदरशांचे शिक्षक घरोघर गेले, स्वतःच्या मुलांना आधी थेंब पाजले, तेव्हा दारे उघडली. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

आणि मग २०२०. मार्चमध्ये राज्यातील पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले, आणि महाराष्ट्र सरकारने १४ मार्चला नियम काढले ते १८९७ च्या त्याच कायद्याखाली. रँडने वापरलेला कायदा एकशे तेवीस वर्षांनी पुन्हा पुण्याला लागू झाला. नियमांत असेही होते की, खातरजमा केल्यावाचून आणि आरोग्य अधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून ह्या रोगाची माहिती कोणत्याही माध्यमातून प्रसृत करू नये. हेतू अफवा थांबवण्याचा होता, आणि त्या दिवसांत अफवांचा उच्छाद होता हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तथापि खरी माहिती एकाच दारातून येणार म्हटल्यावर त्या दारातून काय बाहेर पडते ह्याला फार महत्त्व येते. मार्चच्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली. केंद्र सरकारच्या रोजच्या पत्रकार परिषदेत तबलिगी जमातीशी संबंधित रुग्णांचा आकडा वेगळा दिला जाऊ लागला. १८ एप्रिलला सांगितले गेले की १४,३७८ पैकी ४,२९१ रुग्ण त्यांच्याशी निगडित आहेत. आकडा खोटा होता असे मी म्हणत नाही. पण गणिताच्या कोणत्याही शिक्षकाला विचारा, एका गटातील माणसे शोधून शोधून तपासली आणि बाकीच्यांच्या तपासण्या तुटपुंज्या असल्या तर असा आकडा काय सांगतो? त्याच एप्रिलमध्ये आरोग्य मंत्रालयाने कोणत्याही समाजाला रोगासाठी दोषी धरू नये असे पत्रकही काढले. ते पत्रक दूरचित्रवाणीवर कितीसे झळकले? आकडा मात्र दिवसरात्र झळकला, आणि भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीबाहेर घालवण्याचे प्रकार देशभर झाले. अशा वेळी ताप आलेला माणूस तपासणीला जाताना दहादा विचार करतो. १८९७ च्या पुण्यात रुग्ण का लपवले जात, हे मग पुस्तकातून वेगळे शिकावे लागत नाही.

अहमदनगर जिल्ह्यात आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन, इंडोनेशिया अशा देशांतून आलेल्या २९ जमातींवर आणि त्यांना मशिदीत आसरा देणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले होते. ते रद्द करावेत म्हणून अर्ज झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्यायमूर्ती नलावडे आणि न्यायमूर्ती सेवलीकर ह्यांनी, ते गुन्हे रद्द केले. मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचे बकरे करण्यात आले असे दिसते, अशा आशयाची निरीक्षणे न्यायमूर्ती नलावडे ह्यांनी निकालपत्रात नोंदवली. न्यायमूर्ती सेवलीकर निकालाशी सहमत होते, त्यातील काही निरीक्षणांशी नव्हते, आणि त्यांनी तसे लिहूनही ठेवले. १८९७ च्या खटल्यात जे झाले नव्हते ते येथे झाले. माध्यमांत काय आले ह्याचीच न्यायालयाने दखल घेतली. एप्रिलमध्ये महिनाभर जी बातमी दररोज पहिल्या क्रमांकावर होती, तिचा हा निकाल बहुतेक वाहिन्यांवर एखाद्या संध्याकाळपुरता आला. निकालपत्र इंग्रजीत आहे, सहज मिळते आणि दहावीच्या वरच्या विद्यार्थ्याला शिक्षकाच्या मदतीने वाचता येण्याजोगे आहे.